मुदत बुधवारपर्यंत

शस्त्र हातात पडण्याआधी माणसाला थांबायला लावा, हे मी पुण्यात तीन वर्षं घसा कोरडा करून सांगितलं. कॉलेजच्या फाटकावर, भाजी मंडईत, सिग्नलला पत्रकं वाटली. चार पानी पत्रकाचा मजकूर माझाच होता. आणि थांबायला लावायचं काम खरोखर माझ्या हातात आलं, तेही फक्त एका माणसापुरतं, तेव्हा मी त्याला दोन दिवस आधीच रिव्हॉल्वर देऊन टाकलं. वर हसून मीच ‘शुक्रन’, आभारी आहे, म्हणाले.

बाबा ओमानमध्ये इब्राच्या बाजारात एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात एकोणीस वर्षं कारकून होते. आमचं गाव देवगडजवळचं. आई तिथेच असते, मी पुण्याला मावशीकडे वाढले. बाबा अजून मालवणीच बोलतात, मी बोलत नाही. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटात कुणी विचारलं तर मी सांगायचे, वडील ओमानला ऑफिसात आहेत. बंदुका विकणाऱ्याच्या पगारावर शिकून बंदुकांविरुद्ध पत्रकं छापते हे कुणाला कळू नये, एवढी साधी गोष्ट होती. त्या लाजेला मी तत्त्व म्हणायचे.

त्या हिवाळ्यात बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी व्हिजिट व्हिसावर गेले. दुकानात बाबा एकटेच. मालक, ज्यांना तिकडे सगळे अर्बाब म्हणतात, ते बहुतेक बौशरच्या ऑफिसात असायचे. बाबांना बंदुकीवर कोरलेले बारीक नंबर दिसत नव्हते. मी भिंग घेऊन वाचायचे, ते लिहायचे. मग मीच लिहायला लागले. मग काउंटरच्या आत बसायला लागले. मी तिथे बसणं बरोबर आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायची सवय मला नव्हती, सांगायची होती.

एका सकाळी एकमेकांचे शेजारी असलेले दोघे आले. एक म्हातारे, वाडीत खजुराची बाग असलेले. दुसरे पन्नाशीचे, शाळेत मास्तर. म्हाताऱ्यांच्या वडिलांचं एक जुनं रिव्हॉल्वर होतं, लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेलं. घरात नातवंडं रांगायला लागली, आता नको, म्हणाले. मास्तरांना जुन्या वस्तूंचा शौक. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, तिच्यावरून पेटी दिली असती तरी भागलं असतं. पण तसं करता येत नाही. विकणाऱ्याने शस्त्र दुकानात आणून द्यायचं, दुकानाने नंबर जुळवायचा, कागद पोलिसांकडे पाठवायचे, आणि घेणाऱ्याच्या नावाचा कागद येईपर्यंत पेटी दुकानाच्या लोखंडी कपाटात. तोवर शस्त्र कागदोपत्री म्हाताऱ्यांचंच.

ते गेल्यावर मी बाबांना ऐकवलं. “तुमचं हे थांबणं म्हणजे नुसता देखावा आहे. ज्याला घ्यायचं तो चार दिवसांनी घेतोच. दुकान ते दुकानच.”

बाबा पेटीला दोरा बांधत होते. “घेता मां. पण चार दिवसांनी घेता.”

“त्याने काय फरक पडतो?”

“ह्यां तुझ्या पत्रकात लिवलंस तां माका वाचून दाखव एकदा,” ते म्हणाले. “माका दिसना नाय.”

 पत्रकात मी नेमकं तेच मागितलं होतं, जे ते करत होते.

पेटीला त्यांनी चिठ्ठी लावली. कपाटातल्या प्रत्येक वस्तूला त्यांची चिठ्ठी असायची आणि ती मराठीत असायची, म्हणजे दुसरं कुणी वाचून परस्पर काही काढणार नाही. या चिठ्ठीवर लिहिलं, ‘मास्तर. मुदत बुधवारपर्यंत.’ अरबीतही ‘मुद्दा’ म्हणजे ठरलेला काळ, आपली मुदत ती ह्यांच्याकडूनच इली, असं बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात कौतुकाने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. पण माझ्या कानात मुदत म्हटलं की लाइट बिल, परीक्षेचा फॉर्म. मुदत म्हणजे शेवटची तारीख, त्याच्या आत उरका. बाबांच्या मुदतीत माणसं एकोणीस वर्षं थांबत होती.

सोमवारी बाबा डोळे दाखवायला गेले. जाताना म्हणाले, कोण इलो तर सांग, असरनंतर ये. म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर. अर्ध्या तासात मास्तर आले. असरनंतर या, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यांनी विचारलं, “मुद्दा खलास?”

मला शब्द कळला याचाच मला आनंद झाला. मी कपाट उघडलं. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. चिठ्ठी वाचली. बुधवारपर्यंत. आज सोमवार. म्हणजे बिचारा वेळेत आलाय.

“खलास नहीं,” मी म्हणाले, “दो दिन बाकी है. आज ले जाओ, कोई बात नहीं.”

त्यांनी विचारलं, “आज? अर्बाब मालूम?”

“सब मालूम.”

त्यांनी वहीत सही केली आणि पेटी काखेत घेऊन गेले. मी तारीख टाकली, खाली रेघ मारली. आपण हे काम किती नीट करतो, असंही मनात आलं.

बाबा आले, वही डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग कपाट उघडून बघितलं. मग खुर्चीवर बसले.

“बाय, ही पेटी कोणाक दिलंस?”

“मास्तरांना. मुदत होती ना बुधवारपर्यंत.”

“बुधवारपर्यंत थांबूची मुदत गो,” ते म्हणाले. “कागद येवक नाय अजून.”

ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते उठले, दुकान बंद केलं आणि आम्ही गाडीत बसलो. रस्ताभर मी तीन वेळा म्हणाले की चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला हवं होतं. बाबांनी तिन्ही वेळा “होय” म्हटलं.

मास्तरांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, आम्हाला आधी खजूर आणि कावा, तिकडची कॉफी, मिळाली. बाबांनी सांगितल्यावर त्यांनी आतून पेटी आणून समोर ठेवली. दोरा तसाच होता. “मैं सोचा, बिंत बोला, तो पेपर आ गया,” ते म्हणाले. बिंत म्हणजे मुलगी, मी. त्यांनी माझ्याकडे न बघता आणखी कावा ओतला. मी पत्रकात बंदूक घेणाऱ्या माणसाचं वर्णन केलेलं आहे. ते पुन्हा वाचायची माझी हिंमत नाही.

पेटी कपाटात परत गेली. पण म्हाताऱ्यांनी सकाळी ती शेजाऱ्याच्या घरात जाताना पाहिली होती. ते घाबरले. कागद त्यांच्या नावावर, काही झालं असतं तर धरलं त्यांना असतं. त्यांनी थेट अर्बाबना फोन केला होता. दुसऱ्या दिवशी अर्बाब बौशरहून आले.

मी कोपऱ्यात स्टुलावर, पाहुणी असल्यासारखी. अर्बाबनी विचारलं, पेटी किसने दिया?

“मैंने दिया,” बाबा म्हणाले. “आँख में दवाई था, अर्बाब. बराबर पढ़ा नहीं.”

अर्बाब बरंच बोलले, अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. एवढी वर्षं झाली, तू असं करतोस, मग मी कुणावर विश्वास ठेवू. बाबा मान खाली घालून उभे होते. शेवटी अर्बाबनी हात झटकला. “मालेश. जाने दो. आँख ठीक करो. दूसरी बार नहीं.” खलास. विषय मिटला होता. बाबांनी चहा मागवला.

तिथे मी गप्प राहिले. त्यासाठी मला कुणी दोष दिला नसता. मीच दिला. माझ्यासाठी बाप खोटं बोलला आणि मी स्टुलावर बसून ऐकलं, हे रात्रभर टोचत राहिलं. दोन दिवसांनी अर्बाब पुन्हा आले, बाबा बाजूच्या दुकानात सुटे आणायला गेले होते, आणि मी उभी राहून सगळं सांगितलं. पेटी मी दिली. चिठ्ठी मी चुकीची वाचली. शिक्षा करायची तर मला करा, माझ्या वडिलांना नाही. सभेत बोलतात तसं बोलले. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे मुद्दाम लिहिते.

अर्बाब ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, “कबाट तू खोला?”

“हां.”

“चाबी?”

“मुझे मालूम था.”

“वीज़ा क्या है तेरा?”

“विज़िट.”

त्यांनी कपाळावर हात ठेवला. “परसों मैं तेरे बाप को माफ किया,” ते म्हणाले. “उसका नाम पेपर में है, उसका ग़लती मैं माफ कर सकता. तेरा नाम किधर भी नहीं. अब तू बोल दिया, मैं सुन लिया. अब मैं क्या करूँ?”

तेवढ्यात बाबा आत आले. दोघांच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. मी आजवर कुणाचा चेहरा इतक्या पटकन म्हातारा होताना पाहिलेला नाही.

बाबांचं खोटं मी भित्रेपणा समजत होते. ते एका कारकुनाने मोजूनमापून केलेलं काम होतं. परवानगी असलेल्या माणसाची चूक आणि परवानगी नसलेल्या माणसाच्या हाती दिलेलं कपाट, यांत किती अंतर आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लहान गुन्हा स्वतःवर घेऊन मोठा झाकला होता. झाकलेला मी उघडला.

अर्बाब वाईट माणूस नव्हते. त्यांनी घडलेलं पोलिसांना कळवलं, दुकानाच्या कागदांवरून बाबांचं नाव काढलं आणि त्यांना इब्रीच्या आपल्या दुसऱ्या दुकानात पाठवलं. पाइप, नळ, पाण्याच्या टाक्या. इब्रा आणि इब्री, एका काना-वेलांटीचा फरक, मध्ये कित्येक तासांचा रस्ता. एकोणीस वर्षांची खोली दोन बॅगांत आणि एका खोक्यात मावली. बाजारातला शिंपी आणि समोरचा चहावाला निरोप द्यायला आले. का चाललात, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “डोळे. बारीक नंबर दिसनत नाय.”

मला विमानतळावर सोडायला ते स्वतः आले.  गाडीत मीच म्हणाले, “बाबा, मी खोटं सहन करू शकले नाही.”

“खरा बोललंस तां बरोबर,” ते म्हणाले. “पण आधी माका इचारूक होया होता.”

 ते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते, चांगल्या डोळ्याची बाजू थोडी पुढे करून. मी सॉरी म्हणाले नाही. सॉरी म्हटलं असतं तर ते “असांदे” म्हणाले असते, आणि मला पुन्हा हलकं वाटलं असतं.