खांदा उडवणाऱ्या बाई

मधली सुट्टी होती. मी वर्गात वह्या तपासत होते आणि बाहेर व्हरांड्यात चौथीच्या मुली शाळा-शाळा खेळत होत्या. बाई झालेल्या मुलीनं स्वेटर पदरासारखा खांद्यावर टाकला, हातात पट्टी घेतली आणि म्हणाली, "गप्प बसा. पुस्तकं काढा." एवढं बोलून तिनं डावा खांदा झटकन वर उडवला आणि दोन बोटांनी गळ्याजवळ काहीतरी ओढून जागेवर बसवलं. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा खांदा. समोरच्या मुली हसून लोळत होत्या. मलाही हसू आलं. मग लक्षात आलं, ही मीच आहे.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरूबर हाय की पोरीचं. लगीन होऊन आलीस तवापास्नं बघतीया, खांदा उडतोयच. मला वाटलं तुज्या माहेरची खोड हाय."

माहेरची नव्हे, विट्याच्या दुकानातली खोड. दुकानदार सभ्य माणूस. बायका आल्या की तो समोर न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा आणि विचारायचा, "छत्तीस?" मी म्हणायचे, "हं." कागदात गुंडाळलेलं पाकीट पिशवीच्या तळाशी जायचं, वर मेथीची जुडी. अंगाला टेप लावून छत्तीस कुणीच ठरवलं नव्हतं. एकदा त्यानं विचारलं, मी हो म्हणाले, तेच पुढं वीस वर्षं चाललं. पट्टा घसरायचा, पाठीमागचा भाग वर चढायचा, मी ओढून बसवायचे. ब्रा म्हणजे अशीच असते, असं मी धरून चालले होते.

पुढच्या आठवड्यात आत्यांना डोळे दाखवायला सांगलीला न्यायचं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, काळा चष्मा दिला आणि सांगितलं की तीन-चार तास अंधुक दिसेल. बाहेर आल्यावर मी चाचरत म्हटलं, "आत्या, जवळच एक बायकांचं दुकान हाय. जरा जाऊया का?"

"चल की. मला काय दिसतंय? तू खुशाल बघ."

दुकानात सगळ्या बायकाच होत्या. पन्नाशीच्या एका बाईनं गळ्यातली टेप काढत मला पडद्याआड नेलं. आधी छातीच्या खालून माप घेतलं, मग वरून, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढे न येणाऱ्या मुलाकडे बघते.

जुन्या ब्राची पट्टी उलटून तिनं वाचली. "छत्तीस, कप बी? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

कॅलेंडरकडे बघणाऱ्यानं, असं कसं सांगणार?

"तुम्हाला खालचा पट्टा चौतीस पाहिजे. आणि कप डी."

डी! आमच्या प्रगतिपुस्तकात ड श्रेणी आली की पालकांना बोलवावं लागतं. माझा चेहरा बघून ती हसली. म्हणाली, "बाई, सैल पट्टा वर चढतो, मग सगळा भार खांद्यावर येतो. घाला, वाका, सगळं आत नीट घ्या. आता फळ्यावर लिहिताय असा हात वर करा."

मी हात वर केला. काहीही हललं नाही. आणखी वर केला, दोन्ही हात केले, पाचवीचा कवायतीचा तास घेतल्यासारखे पुढं-मागं फिरवले. आरशात एक ताठ बाई उभी होती. खरं सांगते, जरा रडूच आलं. एवढीशी गोष्ट, आणि वीस वर्षं मी माझ्याच अंगाला दोष देत होते.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आत्यांचा आवाज आला, बांधावरून हाक मारावी तसा. "बसलं का गं?"

सगळं दुकान हसलं. मी बाहेर आले तेव्हा आत्या काळ्या चष्म्यात स्टुलावर बसून समोरच्या ब्राच्या पेटीवर हात फिरवत होत्या. मला जवळ ओढून हळू म्हणाल्या, "तुजं मामंजी मिलिट्रीत हुतं तवा सुट्टीला येताना मला आणायचं ह्ये. दर सुट्टीला एक. इवलंसं! माझ्या एका बाजूला बी पुरत नव्हतं."

"मग सांगायचं न्हाई का?"

"कसं सांगू? एवढ्या लांबनं लपवून आणलेलं. मी नणंदेला द्यायची. ती वाळकी, तिला बरूबर बसायचं. ती म्हणायची, वैनी, तू लय गुणाची." आणि तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. "त्यास्नी अजून ठावं न्हाई. सांगू नगंस."

मग म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, माजं बी माप घी. नुसतं बघू."

आत गेल्या त्या पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. मधेच "आवं, गुदगुल्या हुत्यात," एवढं ऐकू आलं. आल्या तेव्हा पाठ सरळ होती, चोळीच्या आत नवी ब्रा होती आणि तिचं रिकामं खोकं हातातल्या पिशवीत होतं. एसटीत खिडकीशी बसून विट्यापर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "पाठ दुखत न्हाई गं. ह्ये असं ऱ्हातंय व्हय?"

मी गावात कुणाला सांगितलं नाही, पण आत्या थोड्याच गप्प राहतात. पुढच्या शुक्रवारी बचत गटाची बैठक झाली आणि शनिवारी सकाळी तीन बायका आमच्या दारात. पुढची बाई इकडं-तिकडं बघत म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्याकडं माप घेत्यात म्हणं?"

मामंजी अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "कसलं माप?"

"खालच्या आळीतल्या पोरींच्या गणवेशाचं," आत्या चेहऱ्यावरची रेषही न हलू देता म्हणाल्या, आणि तिघींना माजघरात घेऊन दार लावलं. घरातली शिवणाची टेप त्यांनी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि मला म्हणाल्या, "तू लिव्ह. मी सांगती."