येलदरीच्या पाण्यावरचा आलाप

जालन्याहून निघालेली एसटी देवगाव फाट्यावर चहाला थांबली, तेव्हा दिग्दर्शकाचा निरोप मी पुन्हा ऐकला. माझ्या दोन चाली त्यानं परत पाठवल्या होत्या. तिसरीही पसंत पडली नाही तर सिनेमा दुसऱ्याकडे जाणार होता. उभा जन्म ख्याल गाण्यात गेल्यावर हाती आलेला हा माझा पहिलाच सिनेमा. म्हटलं, हात हलवत परत जायचं नाही.

प्रसंग साधाच होता. मुलीला पलीकडच्या गावी वसतिगृहात सोडून आई होडीतून एकटी परत येते. चित्रीकरण येलदरीच्या धरणावर व्हायचं होतं, म्हणून ते पाणी बघायला मी निघाले होते.

जिंतूर सोडलं आणि काही वेळानं पाणी दिसलं. केवढं ते! दिग्दर्शक समीर आधीच पोचला होता. मासे धरणाऱ्या सुमनबाईंची होडी त्यानं ठरवली होती. "दमानं बसा ताई," म्हणत त्यांनी मला हात दिला. तरी माझा एक पाय पाण्यात गेलाच.

समीर मोबाइलवर रेकॉर्ड करत समोर बसला. मी सवयीनं डोळे मिटले, षड्ज लावला आणि आलाप सुरू केला. असा काही रंगला म्हणता! आता शब्दांकडे वळणार, तोच होडी थडकली. डोळे उघडते तर पलीकडचा काठ.

सुमनबाईंनी अगदी भोळेपणानं विचारलं, "ताई, गाणं कधी सुरू करणार व्हता?"

समीर पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काठावर सुमनबाईंनी भाकरी आणि माशाचं झणझणीत कालवण वाढलं. त्यांचीही लेक परभणीला वसतिगृहात असते, हे जेवताना कळलं. तिला पहिल्यांदा सोडून येताना काय बोललात, मी विचारलं.

"काय बोलावं? सांगायचं ते समदं तिथंच सांगून झालं व्हतं. येताना तोंडातून शब्दच निघंना."

माझा घास हातातच राहिला. आधी आलाप, मग शब्द, हे आम्हा ख्याल गाणाऱ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्या आईचा विचारच मी केला नव्हता.

परतीला डोळे उघडे ठेवले. "जेवत जा गं वेळेवर," एवढी एकच ओळ काठावर गायले. होडी सुटल्यावर शब्द नाहीत, नुसता आलाप, हळूहळू बारीक होत गेलेला.

शेवटी ती ओळ पुन्हा घेऊ, थोडं व्हायोलिन टाकू, समीर सुचवू लागला.

"नाही," मी म्हटलं. "तिचं बोलून झालंय. हे असंच जाईल, नाहीतर दुसरं कुणी बघ."

त्यानं सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांचं वल्हं थांबलं होतं आणि त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

"असंच घेऊ," तो म्हणाला. "आणि तुम्हीच गा."

सिनेमात गेले तर आलाप सोडावा लागेल, ही धास्ती किती वर्षं बाळगली होती मी! उगाचच. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि इतका वेळ आवरलेलं सगळं डोळ्यांतून वाहू लागलं. शेजारच्या मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, रडायलाव का?"

"काम मिळालंय मावशी," मी म्हटलं.