थांबाकाकांची दुसरी फेरी

अणूचे कण पळवणाऱ्या त्या अवाढव्य यंत्राच्या इमारतीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते थांबाकाका. बावीस वर्षं ते बोगद्याच्या दाराशी बसत आणि बाहेर येणाऱ्याचे हातपाय मीटरनं तपासत. आतली किरणोत्सारी धूळ बुटाला चिकटून कुणाच्या घरी जायला नको ना! "थांबा! दुसरा पाय!" हे दिवसातून शंभरदा. फिटर तर मुद्दाम एकच पाय पुढे करायचा आणि दात काढायचा. नुसता वैताग! घरी बायकोही म्हणायची, "अहो, जावयाला तरी दारात अडवू नका."

आत जाताना फळ्यावरची एक किल्ली खिशात घ्यायची, बाहेर आल्यावर आपल्या हातानं परत लावायची. एक किल्ली जरी कमी असली तरी यंत्र सुरू होत नाही. आणि यंत्र सुरू झालं तेव्हा कुणी आत असलं, तर तो माणूस संपलाच. इतकं साधं आहे, पण शिकलेल्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

त्या दुपारी काकांनी अख्खा बोगदा पायी फिरून, कोपरान्‌कोपरा बघून दार लावलं. लगेच आतला पाण्याचा पाइप गळायला लागला. फिटर आणि वेल्डर "पाच मिनिटांत आलो" म्हणत आत गेले. मग यंत्र चालवणाऱ्या मॅडमचा फोन, अजून किती वेळ म्हणून. काका शेजारच्या खोलीत त्यांची समजूत घालून परत येतात तो नऊच्या नऊ किल्ल्या फळ्यावर. मागोमाग मॅडमही आल्या.

"लावा दार, काका."

"दार उघडलं होतं. पुन्हा फेरी मारायला हवी."

"अहो, सगळ्या किल्ल्या आल्यात! चाळीस मिनिटं जातील! तुमच्यापुढे डोकं फोडून घ्यावंसं वाटतं."

"फोडा. पण दाराच्या बाहेर."

बोलले खरे, पण गुडघे असे ठणकत होते की दार लावून टाकायचा मोह त्यांनाही झाला होता. सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत ते निघाले. शेवटच्या वळणावर एका चुंबकाखालून दोन बूट बाहेर आलेले दिसले. एका कानात गाणी लावून फिटर आरामात नट आवळत होता.

"किल्ली कुठंय तुझी?"

"वेल्डरनं नेली की. म्हणाला, तू येतोच आहेस, दोन्ही लावून टाकतो."

काका तिथंच फरशीवर बसले.

"मेल्या," ते म्हणाले, "मी लावणारच होतो रे दार."

फिटरनं कानातलं काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी बोगद्यातून बाहेर येऊन त्यानं आपली किल्ली आपल्या हातानं लावली. एक पाय पुढे केला. मग न सांगता दुसराही केला.

काकांनी मीटर फिरवला, खाली बघतच.

"आणि हात कोण दाखवणार, तुझा बाप?"