हँडल मारायला गडी
स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. बारामतीच्या एका गॅरेजात मी ती नऊवारीतली बाई पाहिली. इंदापूरकडून भाजी घेऊन ती जुनी मोटार स्वतः चालवत यायची. मोटारीत दुसरं इंजिन बसवलं होतं, पण जुना स्टार्टर त्याला जुळेना.

मिस्त्री म्हणाला, “स्टार्टर राहू द्या. पुढनं हँडल फिरवूनच इंजिन चालू करावं लागेल. हँडल मारायला एक गडी ठेवा, बाई.”

“माझी गाडी चालू करायला गडी कशाला?” तिनं पदर खोचला, गाडीखाली शिरून स्टार्टर दोन्ही हातांनी वर धरला. “ह्याच्या अन् इंजिनाच्या मधी लोखंडी चकत्या घालून बघा. बसल्याबिगर मी हितनं उठत न्हाय.”

मिस्त्री एकेक चकती घालून बघत राहिला, तोवर तिनं तो सोडला नाही. अखेर स्टार्टर जुळला, मिस्त्रीनं बोल्ट आवळले आणि तिनं बटण दाबताच इंजिन धडधडलं.

“एकट्याच जाणार?” मिस्त्रीनं विचारलं.

“व्हय. अडवतंय कोण?”

दारात उभे असलेले आम्ही सगळे पुरुष बाजूला झालो.