कोपरापर्यंत मोकळे हात

झाशीच्या त्या इस्पितळात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात स्नेहलता सिस्टर उभी राहिली, की भल्याभल्यांची बोबडी वळायची. "घड़ी, अंगूठी, चूड़ी, सब उतारिए!" मोंठसारख्या आसपासच्या गावांहून आलेल्या सुना रडत, सासवा शिव्या देत, पण कोपरापर्यंत हात मोकळे होऊन धुतले गेल्याशिवाय सिस्टर दार उघडायची नाही. तिला धास्ती होती ती नळ्यांची. हाता-पायाच्या शिरेतून शिरलेली दोऱ्याएवढी नळी थेट काळजाजवळ पोचते. ज्या पोटाला अजून दूध झेपत नाही, त्याचं अन्न तिच्यातून रक्तात उतरतं. त्याच वाटेनं जंतू आत शिरले, तर मूठभर जीव तो, टिकायचा कसा?

सिस्टर मूळची मराठी, आणि तिची स्वतःची गंमत वेगळीच. नवरा रघुनाथ रेल्वेत, घर प्रेम नगरात, आणि सासू यमुनाबाईंना सवाष्णीचे मोकळे हात बघवत नसत. मग ही पर्समधल्या डबीतल्या हिरव्या बांगड्या गल्लीच्या कोपऱ्यावर हातात सरकवायची आणि सकाळी तिथंच काढायची. वर्षानुवर्षं हे सोंग बिनबोभाट चाललं होतं.

अशात हौसाबाई आल्या. साताऱ्याकडच्या. मुलगा हणमंत झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत जवान, पण तेव्हा सरावासाठी राजस्थानात. सून भानुमती शस्त्रक्रियेनंतर वरच्या मजल्यावर पडून. दिवस भरायच्या आत जन्मलेला नातू काचेच्या पेटीत. हौसाबाईंना हिंदीचा गंध नव्हता.

"बाई, माझा धनी जिता हाय," त्या दारात हात लपवून म्हणाल्या. "बांगड्या कशा काढू?"

हेच गाऱ्हाणं सिस्टरनं हिंदीत, बुंदेलीत शेकडो वेळा उडवून लावलं होतं. आता मराठीत कानावर पडलं आणि बाई पाघळली. "राहू द्या, आजी," म्हणाली, आणि बांगड्यांवर पट्टी गुंडाळून त्यांना आत घेऊन गेली. आपलं माणूस म्हटलं की नियमाला पाय फुटतात, ते असे.

नातवाच्या कपाळावरून फिरवलेला हात मागे घेताना पट्टी सुटली, एक बांगडी नळीला अडकली आणि नळी बोटभर बाहेर आली.

बाहेर आलेली नळी पुन्हा आत ढकलायची नसते. जंतूही सोबत जातात. ती काढली. नवी घालायची तर पोराच्या हातांच्या शिरा सुयांनी आधीच संपलेल्या. डॉक्टरांनी एका पायाची शीर धरली, ती फुटली. दिवा धरून उभ्या असलेल्या स्नेहलताला स्वतःचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या पायातून मात्र नळी सरकत गेली. एक्स-रेत ती जागेवर दिसली, तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला.

"सर, चूड़ियाँ मैंने जाने दी थीं," ती म्हणाली.

"आगे से नहीं," डॉक्टर एवढंच बोलले.

बाहेर हौसाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "बाई, पोर कसं हाय?"

"अम्माजी, बच्चा ठीक है. आप बाहर बैठिए."

शब्द कळले नाहीत, पण मराठी बंद झाली हे कळलं. हौसाबाईंना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात आल्या आणि न सांगता दोन्ही हात पुढे केले. मनगटं मोकळी होती. बांगड्यांच्या जागी कातडीवर फिकट वळं उमटलेली. "धन्याला फोनवर इचारलं," त्या म्हणाल्या. "म्हनले, नातवापरीस बांगड्या मोठ्या हायेत व्हय?"

स्नेहलतानं ती मनगटं उलटसुलट करून पाहिली. मग मराठीत म्हणाली, "साबण तिकडं आहे, आजी. कोपरापर्यंत."

पोरानं तग धरला. चमच्यानं पाजलेलं दूध पचवू लागलं, तशी नळी निघाली. स्नेहलता पर्समधली आपल्या हिरव्या बांगड्यांची डबीच घेऊन बाहेर आली. "नळी निघाली, आजी. आता भरा बांगड्या."

हौसाबाईंनी डबी तिच्याकडे सारली. "ऱ्हाऊ दे. नातू घरी येईस्तवर न्हाय घालायची. पुन्यांदा कुटं अडकाया नको."

त्या संध्याकाळी स्नेहलता बांगड्या घालायला गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली नाही. यमुनाबाईंच्या समोर मोकळ्या हातांनीच जेवायला बसली.