गुलाबी पडलेल्या जर्सी
ब्लीचची बाटली उघडली की मला कॉलेजची ती मॅच आठवते. आम्ही दुबईत अमेरिकन फुटबॉल खेळायचो आणि पाहुण्या टीमनं पांढरंच घालायचं असा नियम होता. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर दोन गडद रंग सारखेच दिसायचे, म्हणून तो आला, असं कोच सांगायचे. त्या दिवशी अल बर्शाच्या मैदानावर पाहुणे आम्ही होतो. जर्सी धुवायची पाळी माझी होती आणि करामा भागातल्या घरी मी त्या घाईघाईत लाल टॉवेलांबरोबरच मशीनमध्ये कोंबल्या होत्या. गुलाबी झाक दिसली होती, पण उन्हात कळणार नाही, अशी मीच माझी समजूत घातली. रेफरीनं एक जर्सी उन्हात धरली, मान हलवली आणि दंड म्हणून आमचा प्रत्येक हाफमधला एक टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची एक संधी, कापला. शेवटी बॉल त्यांच्या गोलरेषेपासून दोन पावलांवर होता, घड्याळ पळत होतं, कॅप्टन टाइमआउटसाठी ओरडत होता आणि आमच्याकडे एकही उरला नव्हता. शिट्टी वाजली, आम्ही हरलो. "जर्सी किसने धोया?" कोच गरजले. तेवढ्यात प्रेक्षकांतून मम्मी उठली. "मैंने धोया, सर. सॉरी." मम्मी हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होती, तिच्या हातून कधी साधा रुमालसुद्धा डागाळला नव्हता. सगळी टीम तिच्याकडे बघत राहिली. आता पांढरे कपडे मी न चुकता वेगळे काढतो. तेव्हा मात्र मी बुटांची नाडी बांधत खालीच बसून राहिलो होतो.