येलदरीच्या लाँचमध्ये माझ्या मांडीवर बसलेली मुलगी

आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी वाद घालायला नको — भूत, चकवा, मुंजा यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. माझं माहेर पिंगळीचं. स्टेशनच्या पलीकडच्या चिंचेवर बाई दिसते म्हणून आमच्याकडचे चांगले मिशीवाले बाप्ये वाट बदलायचे, आणि मी भरदुपारी त्याच चिंचेखाली चिंचा वेचायची. अंगात येणाऱ्या बायकांना ‘पुरे झाली नाटकं’ असं तोंडावर सांगितलेलं आहे मी. तेव्हा पुढचं वाचून ‘बाई घाबरट असेल’ असं म्हणू नका. मी घाबरले नव्हते. मला लाज वाटली होती... आणि ती अजून गेलेली नाही.

मागच्या वर्षी आमचे हे गेले. पुतणी म्हणाली, ‘काकू, तू सांग, मी टाईप करून देते, इथे लोक असले अनुभव वाचतात.’ म्हटलं, बरं. आता भीड तरी कोणाची धरायची राहिली आहे?

गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली. आम्ही परभणीत नानलपेठेत भाड्याने राहत होतो. हे सरकारी कचेरीत कारकून, मी घरी शिवणक्लास घ्यायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेलेली, मूल नाही. परभणीचे डॉक्टर झाले, नांदेडचे झाले, सासूबाईंच्या समाधानासाठी उपासतापास झाले. शेवटी डॉक्टर सांगायचे थांबले आणि लोक सांगायला लागले.

त्या वर्षी कचेरीतल्या मंडळींनी टूम काढली — सहकुटुंब जलविहार! स्पेशल एसटी करून येलदरी धरणावर जायचं, तिथल्या सरकारी लाँचमधून पाण्यावर फेरी मारायची, पलीकडच्या काठाला उतरून झाडाखाली जेवायचं. एकदा नामांतराच्या मोर्च्यांमुळे एसट्याच बंद राहिल्या, म्हणून बेत पुढे गेला. मला बरंच वाटलं होतं. पण संक्रांतीनंतरचा रविवार पुन्हा ठरला.

मी यांना म्हटलं, “कशाला जायचं? सगळे लेकरं घेऊन येतेल. आन् आपण काय घेऊन जायचं, भाजीचा डबा?”

हे म्हणाले, “दरवेळी न्हाई म्हटलं की लोक जास्तच बोलतेत. पिंकीला नेऊ की संग.”

पिंकी म्हणजे माझ्या दिराची मुलगी, चार वर्षांची, आमच्याच गल्लीत राहायची. हीच ती आत्ता टाईप करणारी. यांनी कचेरीत सांगूनही टाकलं — आमची पुतणी येणार. हेडक्लार्कच्या बायकोने, मंदावहिनींनी, ते सगळ्या बायकांना सांगितलं. मंदावहिनी म्हणजे आमच्या बायकांच्या कलेक्टरच म्हणा ना. त्यांच्या कानावर गेलं की गावभर झालं.

आणि त्या दिवशी सकाळी पिंकीला गोवर निघाला.

मी म्हटलं, आता जाणं रद्द. हे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, बूट-मोजे चढवून दारात उभे होते. आयुष्यात कधी लाँचमध्ये बसलेला नव्हता हो हा माणूस. मी मुकाट्याने डबा उचलला.

एसटीत आम्ही मुद्दाम शेवटच्या सीटवर बसलो, पिंकी कुठे आहे म्हणून कोणी विचारू नये म्हणून. पुढे नुसता गोंधळ — गाणी, रडारड, कोणी ओकतंय, कोणी खिडकीत. झरीच्या आसपास पुढच्या सीटवरचं एक तान्हं माझ्याकडे बघून खुदकन हसलं. मी हात पुढे केला. त्याच्या आईने पदर त्याच्या तोंडावर ओढला आणि त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी पुढे केलेल्या हाताने खिडकीची काच सरकवली... जणू काचेसाठीच हात काढला होता.

येलदरीला पोचलो तर पाणीच पाणी, पलीकडचा काठ बारीक रेघेएवढा. लाँच म्हणजे काही सिनेमातली बोट नव्हे. वर पत्रा, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मागे धडधडणारं इंजिन. चालवणारे चाचा चढण्याआधी माणसं मोजायला लागले, तशा मंदावहिनी कडाडल्या, “ओ चाचा! मोठी माणसं मोजा. लेकरं मोजू नका. लेकरांची गिनती करत नसतेत!”

आमच्याकडे हे आहे. दृष्ट लागते म्हणतात. चाचाही बिचारे, “जैसा तुम बोले वैसा अम्मा,” म्हणून गप्प बसले. लेकरं न मोजताच वर चढली.

त्याआधी पाण्याची ओटी भरायची होती. बायका पुढे झाल्या, मीही झाले. मंदावहिनी हळूच म्हणाल्या, “लेकुरवाळ्या भरतेल हो. तुमी ताट धरा.” मी ताट धरलं. खण, नारळ, तांदूळ, सगळं एकेकीच्या हातात देत गेले. हे लांबून बघत होते. माझी नजर तिकडे जाताच त्यांनी मान फिरवली. मनातल्या मनात मी पाण्यालाच म्हटलं, आत्ता मला पोटात घेशील तर बरं, बाई.

मी मागे इंजिनाजवळ बसले. तिथे धूर येतो म्हणून कोणी बसत नव्हतं. हे पुढे पुरुषांत. लाँच सुटली, थोड्या वेळाने मला फ्रॉकची झालर गुडघ्याला लागली. बघते तर एक मुलगी उभी. चारपाच वर्षांची. फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवलेली, हे माझ्या लगेच नजरेत आलं, धंदाच तो माझा. लाल रिबिनी, गुडघ्यावर खपली धरलेली जखम, नाकाला शेंबूड. मी काही बोलायच्या आत ती माझ्या मांडीवर चढून बसली, पाठ मला टेकवली आणि पाणी बघायला लागली.

अंगाला ऊब होती. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. थोड्या वेळाने माझ्या पायाला मुंग्या आल्या, इतकं वजन होतं. हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की भास म्हणून सोडून देता येत नाही मला.

मंदावहिनी तीळगूळ वाटत मागे आल्या. “हीच का पुतणी? अगं बाई, काय गोड हाय! वहिनी, तोंडावळा तुमच्याच घरचा दिसायलाय.”

मी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ पण म्हटलं नाही. तीळगूळ घेतला आणि तिला भरवला. तिने खाल्ला. मंदावहिनींनी स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटाला घेऊन तिच्या गालावर तीट लावली आणि मलाच बजावलं, “घरी गेल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाका हिच्यावरून. लय वाईट नजरा असतेत लोकांच्या.”

सकाळपासून माझीच नजर वाईट होती ना! आता माझ्याच लेकराला नजर लागणार होती. हसावं की रडावं... पण खरं सांगू? मला आनंद झाला. इतका आनंद झाला, की पुढच्या बाकावरच्या बाईने ‘जेवते का हो नीट?’ असं विचारलं आणि मी ‘भाजीला नाक मुरडते’ म्हणून सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं. दोघी-तिघी हसल्या, आपापल्या पोरांचं सांगायला लागल्या. पहिल्यांदाच मी त्यांच्यात बसले होते.

यांनी पुढून वळून पाहिलं. माझ्याकडे, तिच्याकडे. पिंकी घरी अंथरुणात आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी ते हसले. मान हलवून हसले आणि पुन्हा पुढे बघायला लागले.

काठाला लाँच लागली. फळी टाकली. पुरुष खाली उतरून लेकरं हातोहात घेत होते. हे फळीशी आले, दोन्ही हात वर केले. मी तिला काखेत धरून उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिला खाली ठेवलं आणि मला हात दिला. मी साडी सावरत उतरले.

“कुठंय?” मी म्हटलं.

“ही काय, इथंच...” म्हणून हे वळले.

नव्हती. मोकळा, उघडा काठ हो. झाडं लांब, मधे नुसता चढ. मोठा माणूस पळाला तरी दिसला असता. लपायला जागा एकच — पाणी.

मी बोंब ठोकली. “मुलगी! मुलगी पाण्यात गेली!”

चाचांनी कपड्यांसकट उडी टाकली. मागोमाग पुरुष. बायकांनी आपापली पोरं छातीशी धरली, आणि मघाशी ‘मोजू नका’ म्हणणाऱ्या मंदावहिनी बोट फिरवत सगळ्यांची लेकरं मोजायला लागल्या. ज्याचं त्याचं लेकरू ज्याच्या त्याच्याजवळ होतं. मग त्यांनी मला कवटाळलं. “धीर धरा वहिनी, सापडंल! पिंकी! ए पिंकीss!” झालं, सगळा काठ पाण्याकडे बघून पिंकीला हाका मारायला लागला. तीट लावलेल्या पोरीसाठी मंदावहिनी रडत होत्या.

मला सांगावंच लागलं. “पिंकी न्हाई ती. पिंकी घरी हाय. तिला गोवर निघालाय.”

“मग ही कोण होती?”

“मला माहीत न्हाई.”

कमरेएवढ्या पाण्यातले पुरुष जागच्या जागी थांबले. चाचा निथळत वर बघत म्हणाले, “तुम्हारी नहीं थी अम्मा, तो किसकी थी?”

मंदावहिनींचा हात माझ्या खांद्यावरून गळला. “म्हंजे तुमी... कुणाचं बी लेकरू मांडीवर घेऊन बसलात? आन् ‘भाजीला नाक मुरडते’ म्हनून सांगितलंत?”

सगळे माझ्याकडे बघत होते. नवऱ्याची मान खाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

शोधायचे म्हणून लोक शोधत राहिले. भोयांनी जाळी टाकून पाहिली. आसपासच्या वस्त्यांवर माणसं गेली — कोणाचं लेकरू हरवलेलं नव्हतं. चाचा कुराणाची शपथ घेऊन सांगत होते, तुमच्या एसटीतली मंडळी सोडून कोणी चढलं नाही. पाण्यातून काही वर आलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. हे पुढे कचेरीत रजा टाकून एकटेच दोनदा येलदरीला जाऊन चौकशी करून आले. मला सांगितलं नाही, पण एसटीची तिकिटं शर्टाच्या खिशात राहायची.

डबे तसेच परत आले. परतीच्या एसटीत कोणी गाणं म्हटलं नाही. पुढे गावात काय काय उठलं ते सांगत बसत नाही. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. कोणी म्हणे, धरणाखाली गेलेल्या गावातली पोर असेल. अरे, गावं उठवली होती, माणसं बुडवली नव्हती! मी आजही असल्या बोलण्याला धूप घालत नाही.

एकट्या मंदावहिनी कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी भाजीबाजारात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तीट मीच लावली होती ना हो? माझ्या बोटाला गाल लागला होता.” मी हो म्हटलं. त्यांनी डोळे पुसले आणि मेथी न घेताच निघून गेल्या.

ती कोण होती, कुठून चढली, यांनी जमिनीवर ठेवल्यावर कुठे गेली — मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा, पण भूत म्हणू नका. शेंबूड होता हो तिच्या नाकाला.

आम्ही दोघं घरात त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. हे जायच्या आधीच्या हिवाळ्यात, एका दुपारी हे अंगणात ऊन खात बसले होते, मी शेंगा सोलत होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघालं. आमच्याकडे अनोळखी लेकरू दिसलं की पाणी देण्याआधी विचारतात, ‘कुणाची गं तू?’ मी यांना म्हटलं, “त्या दिवशी तुमी तिला हातात घेतलं. पिंकी घरी हाय हे तुमाला माहीत होतं. मग इचारलं कामून न्हाई, कुणाची गं तू म्हणून?”

यांनी माझ्या पुढ्यातली एक शेंग उचलली. मग म्हणाले, “तू कामून न्हाई इचारलंस?”

मी शेंगा सोलत राहिले. उत्तर यांनीच दिलं.

“इचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं. मग देऊन टाकावी लागली असती.”